पूर्वेला की पश्चिमेला?

जाहिरात मुठीतली : भाग ६

वसई-विरारमध्ये घर घ्यायचं असो वा नसो, मोबाइलवर घरांच्या जाहिराती दिसल्याशिवाय दिवस जात नाही. त्यातली एखादी डोळ्यांसमोर आणा. मागे निळंशार आकाश, पुढे काचेची इमारत, तळाशी पोहण्याचा तलाव, आणि कोपऱ्यात हसणारं चौकोनी कुटुंब. त्यातली मुलं नालासोपाऱ्याची कमी आणि नॉर्वेची जास्त वाटतात. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'स्वप्नातलं घर, स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं'. आता खालच्या प्रतिक्रिया वाचा. 'ईस्ट की वेस्ट?' 'किती?' 'सीसी आहे का?' 'पाच मिनिटं चालत की रिक्षाने?' आणि सगळ्यांना एकच उत्तर: 'इनबॉक्स केलंय सर.'

मागच्या आठवड्यात जाहिरात कुणाला दाखवायची ते पाहिलं. या आठवड्यात चौकटीच्या आत काय ठेवायचं ते पाहू. मला विचाराल तर डिझाइनरकडे जाण्याआधी आपल्याच धंद्यातल्या दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीखालच्या प्रतिक्रिया तासभर वाचाव्यात. गिऱ्हाईक जे विचारतंय ते चित्रात नाही, म्हणून तर ते विचारतंय. आपल्याकडे रेल्वेचे रूळ गावाचे दोन भाग करतात. पश्चिमेचा माणूस भाजी घ्यायला सहसा पूर्वेला जात नाही, पूर्वेचा पश्चिमेला जायचं तर पूल, फाटक आणि रिक्षाच्या रांगेचा हिशेब करतो. त्यामुळे 'ईस्ट की वेस्ट' हा निम्मा निर्णय असतो. तो चौकटीत लिहायला सात-आठ अक्षरं लागतात. तलावाचं चित्र काढून टाकलं की तेवढी जागा सहज होते.

दिशेपेक्षा मोठी गोष्ट विश्वासाची आहे, आणि इथे वसई-विरारचा प्रश्न पुण्या-नाशिकपेक्षा वेगळा आहे. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी भागात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. त्यांतली घरं विकली गेली, लोक राहायला आले, मुलं जवळच्या शाळांत जाऊ लागली. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं आणि २०२५च्या सुरुवातीपर्यंत महापालिकेने त्या पाडल्या. हजारो माणसं रस्त्यावर आली. असं शेजारी घडलेलं पाहिलेल्या माणसाचा अंगठा गोड जाहिरातीवर थांबत नाही, आणि थांबलाच तर संशयाने थांबतो. 'सीसी आहे का?', म्हणजे बांधकामाचा परवाना आहे का, हा प्रश्न त्याच अनुभवातून आलाय. बांधकामाच्या परवान्याचं नाव शाळकरी पोराला तोंडपाठ असावं, अशी गावं महाराष्ट्रात फार नसतील.

म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. जाहिरातीत पाहणाऱ्याला स्वतः तपासता येईल असं काहीतरी हवं. रंग, अक्षरं, संगीत, सगळं त्यानंतर.

घरांच्या बाबतीत हे काम कायद्याने करून ठेवलंय. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणी होण्याआधी प्रकल्पाची जाहिरातच करता येत नाही. सूट आहे ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंतच्या सदनिकांना. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता असावाच लागतो. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते. १ ऑगस्ट २०२३पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने, प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. एप्रिल २०२५मध्ये महारेरा त्याच्याही पुढे गेलं. क्रमांक, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात हवेत, आणि त्यांची अक्षरं फोन नंबराच्या अक्षरांइतकी किंवा त्याहून मोठी हवीत, असा आदेश निघाला. सरकारी कार्यालयाने मांडणीचा इतका नेमका धडा द्यावा ही गंमतच आहे. पण धडा खरा आहे. तोवर काय चालायचं? फोन नंबर दोन इंचांचा, आणि नोंदणी क्रमांक तळाशी मुंगीच्या अक्षरांत, तोही पिवळ्यावर पांढरा.

पालघर जिल्ह्यातल्या पूर्वी नोंदलेल्या प्रकल्पांचे महारेरा क्रमांक पी९९ने सुरू होतात, हे इथल्या एजंट मंडळींना माहीत असतं. गिऱ्हाइकांनाही ते माहीत असावं. मात्र नुसता क्रमांक छापलेला पाहून समाधान मानू नये. डोंबिवलीत ६५ इमारतींनी खोट्या परवानग्यांच्या कागदांवर महारेराची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं, तेव्हा क्रमांक खराच होता, खोटे होते त्यामागचे कागद. म्हणून चांगला बिल्डर (आहेत, थोडे असले तरी आहेत) जाहिरातीत क्रमांकाच्या पुढचंही देतो. इमारत पूर्वेला कुठल्या रस्त्यावर आहे, आज किती मजले झालेत, त्याचा या महिन्यातला फोटो. चिखल, परांची, सिमेंटच्या गोण्या दिसत असलेला फोटो. माझ्या मते संगणकावर काढलेल्या काचेच्या इमारतीपेक्षा या चिखलाने फोन जास्त येतात, आणि येणारे फोन घेण्याच्या विचाराने आलेले असतात.

आता बिल्डर सोडून द्या. या लेखमालेचे बहुतेक वाचक छोटे व्यावसायिक आहेत. कुणाचं पोळी-भाजी केंद्र आहे, कुणाचे शिवणवर्ग, कुणाचा क्लास, कुणाची रोपवाटिका. बिल्डरवर जे कायद्याने लादलं गेलं ते आपण आपणहून करावं. उदाहरणाला आपल्या तालुक्यातलीच वस्तू घेऊ. सुकेळी.

समजा आगाशीकडच्या एका घरात राजेळी केळ्यांची सुकेळी करतात आणि यंदा ती फेसबुक-इन्स्टाग्रामवरून विकायची ठरवली आहे. घरातला कॉलेजला जाणारा मुलगा मोबाइलवरच्या तयार साच्यात जाहिरात करतो. हिरवी पार्श्वभूमी, नक्षीदार किनार, इंटरनेटवरून घेतलेला पिवळ्याधमक केळ्यांचा घड, 'निसर्गाची गोड देणगी', खाली 'शुद्ध, सात्त्विक, पौष्टिक', त्याखाली तीन फोन नंबर आणि सगळ्यांच्या वर गणपती. श्रद्धेबद्दल काहीच म्हणणं नाही, पण गणपतीने सर्वांत महत्त्वाची जागा घेतली आणि सुकेळं कुठेच दिसलं नाही. पिवळा घड म्हणजे सुकेळं नव्हे. सुकेळं तपकिरी असतं, आक्रसलेलं असतं, बोटाला किंचित चिकटतं. ज्याने ते खाल्लंय त्याला त्या पिवळ्या घडात फसवणूक दिसते. ज्याने खाल्लेलं नाही, त्याला वाटतं केळी विकतायत.

न खाल्लेलेच आता जास्त आहेत. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या वसाहती आपण पाहतोच आहोत. लालबाग-परळच्या चाळींतून आलेले, कोकणातून आलेले, उत्तर प्रदेशातून, गुजरातेतून आलेले. बोळींजच्या नव्या इमारतीतल्या माणसाला जवळच्याच आगाशीत काय पिकतं हे ठाऊक असायचं कारण नाही. म्हणजे जाहिराती दोन हव्यात. जुन्या वसईकराला 'यंदाची सुकेळी आली' एवढं पुरे, तो वर्षभर वाट पाहत असतो. नव्या माणसाला आधी हे काय आहे ते दाखवावं लागतं. सोललेली केळी उन्हात मांडलेली, दुसऱ्या चित्रात तीच आक्रसलेली, तिसऱ्यात कुणीतरी एक मधून तोडतंय. शब्द नसले तरी चालतील.

मग उरलेल्या जागेत काय लिहायचं? भाव, वजनासकट. 'फक्त ₹' लिहून पुढे टिंबं टिंबं देऊ नका, आकडा लिहा. भाव लपवला की गिऱ्हाईक जास्त येतात असा एक समज बाजारात आहे. येतात, पण ते भाव विचारायला येतात, आणि प्रत्येकाला उत्तर देता देता घरातल्या बाईची दुपार जाते. गाव लिहा, आळीही लिहा. घरी येऊन न्यायचं असेल तर कोणत्या वेळात, ते लिहा. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक लिहा. तो केंद्राच्या संकेतस्थळावर टाकून कुणालाही तपासता येतो, म्हणजे महारेराच्या क्यूआर कोडचंच काम तो करतो. 'शुद्ध, सात्त्विक, पौष्टिक' या तीन शब्दांनी जे होत नाही ते या चौदा आकड्यांनी होतं. आणि 'मधुमेहींसाठी उत्तम' वगैरे चुकूनही लिहू नका. वाळवलेल्या केळ्यात साखर भरपूर असते, आणि असा दावा कायद्यातही बसत नाही.

नाताळच्या आसपास केक आणि कुलकुलांच्या जाहिरातींनाही हेच लागू. घरगुती वाइनची जाहिरात मात्र करू नका. ती विकायला परवाना लागतो, आणि समाजमाध्यमावरची पोस्ट पोलिसही वाचतात.

चौकटीच्या मापांबद्दल थोडं. हे कंटाळवाणं आहे, पण पैसे इथेच बुडतात. फेसबुकच्या भिंतीवर उभी चौकट चार-पाचच्या प्रमाणातली चांगली दिसते, म्हणजे १०८० बाय १३५० पिक्सेल. रील आणि स्टोरीसाठी नऊ-सोळाची पूर्ण उभी, १०८० बाय १९२०. मोबाइल माणसाच्या हातात उभा असतो, म्हणून जाहिरातही उभी. फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेली आडवी जाहिरात तशीच चढवली की ती पडद्यावर एक पट्टी होऊन बसते आणि वर-खाली काळं.

रीलमध्ये आणखी एक अडचण आहे. वरचा साधारण १४ टक्के आणि खालचा साधारण ३५ टक्के भाग मोकळा सोडावा असं फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा स्वतःच सांगते, कारण तिथे पानाचं नाव, मजकूर, बटणं येऊन बसतात. कडेलाही थोडी जागा सोडावी लागते. आपले लोक नेमका फोन नंबर तळाशी टाकतात आणि तो 'मेसेज पाठवा'च्या बटणाखाली गाडला जातो. बिल्डर मंडळींनी हे जास्त लक्षात ठेवावं. क्यूआर कोड वरच्या उजव्या भागात हवा हे खरं, पण रीलमध्ये तो अगदी वरच्या कडेला चिकटवला तर झाकला जाईल आणि आदेश पाळूनही न पाळल्यासारखं होईल. थोडा खाली घ्या.

पहिल्या तीन सेकंदांत काय दिसतं हे सगळ्यात महत्त्वाचं. मेटाच्या मोजणीत 'तीन सेकंद व्हिडिओ पाहिला' असा वेगळा आकडाच असतो. त्या तीन सेकंदांत आपण काय दाखवतो? दुकानाचा लोगो, फिरत फिरत, झगमगत. आणि तो येऊन स्थिर होईपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो. सकाळच्या विरार लोकलमध्ये एका हाताने कडी पकडून, दुसऱ्या हाताने मोबाइल धरलेल्या माणसाचा विचार करा. चर्चगेटपर्यंत ६० किलोमीटर आहेत, त्यामुळे वेळ त्याच्याकडे आहे, हात नाही. त्याचा अंगठा तेवढा हलतो. आवाज बहुधा बंद असतो, किंवा शेजाऱ्याच्या मोबाइलचा आवाज त्याहून मोठा असतो. म्हणून जे बोलायचं ते चित्रावर अक्षरांतही हवं, आणि लोगो शेवटी. सुकेळं आधी तोडा, नाव मग सांगा.

अक्षरांचा विषय आला की मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण मराठी जाहिरातींची सर्वांत मोठी हेळसांड इथे होते. आपल्याकडचे बरेच फ्लेक्सवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत टंकतात. छपाईला ते ठीक चालतं. पण तोच मजकूर उचलून फेसबुकवर टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा होतो. समाजमाध्यमासाठी युनिकोडच हवं. दुसरी भानगड जोडाक्षरांची. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीची मांडणी निवडली नसेल तर 'स्टेशन'चा पहिला 'स्' पाय मोडून वेगळा उभा राहतो आणि 'किंमत'ची वेलांटी क-च्या आधी न येता नंतर येते. गिऱ्हाइकाला तांत्रिक कारण कळत नाही. त्याला एवढंच कळतं की या माणसाने मराठीकडे लक्ष दिलेलं नाही, मग मालाकडे तरी दिलं असेल का?

एक बारीक गोष्ट आहे, ती फारच थोडे पाहतात. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि पुष्कळ फॉन्टांत आपोआप हिंदी वळण येतं. वाचायला अडत नाही, पण मराठी डोळ्याला काहीतरी परकं वाटतं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि मोबाइलच्या पडद्यावर स्वच्छ दिसतात. त्यांतल्या एकावर थांबा. एका चौकटीत चार फॉन्ट वापरणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत चार तऱ्हेचे आचारी बसवणं. शिवाय देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवावं लागतं. इंग्रजीसाठी केलेल्या साच्यात मराठी ओतली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला धडकतो.

भाषा कुठली, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. नालासोपारा पूर्वेला हिंदीशिवाय चालणार नाही असं म्हणतात. चालवायची तर हिंदी जाहिरात वेगळी करा, वेगळ्या लोकांना दाखवा. एकाच चौकटीत अर्धी मराठी, अर्धी हिंदी आणि वर 'ऑफर' इंग्रजीत, ही खिचडी कुणालाच आपली वाटत नाही. पश्चिमेच्या गावांत सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्यांसाठी काही करायचं असेल तर ते लिहिण्यापेक्षा बोलून करा. घरातल्या आजीने तिच्या बोलीत दोन वाक्यं रीलमध्ये सांगितली तर नंदाखाल-निर्मळचा माणूस हमखास थांबेल. (या तालुक्यात लोकांना त्यांच्या भाषेत सांगायची रीत तशी जुनी आहे. सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना मिळाला, आणि तो संस्कृतात नाही, प्राकृतात आहे. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना कळेल अशा भाषेत.)

आता नकाशा. जाहिरात चालवताना आपण एक खूण रोवतो आणि भोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढतो. वसईत खूण रोवली की त्या वर्तुळात भाईंदर येतं. संगणकाला वाटतं भाईंदर जवळ आहे. आहेच जवळ, पण मधे खाडी आहे. रस्त्याने जायचं तर घोडबंदरवरून तीस किलोमीटरांहून मोठा वळसा. फेब्रुवारी २०२४पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली हे खरं, पण पोळी-भाजीचा डबा रो-रोने कोण पाठवणार? मग भाईंदरच्या लोकांना जाहिरात दाखवून पैसे जातात, फोन येतात, आणि 'डिलिव्हरी आहे का' या प्रश्नाला नाही म्हणावं लागतं. तीच गत विरारच्या उत्तरेला. वैतरणेपलीकडचा सफाळा नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतो. एप्रिल २०२५मध्ये मारंबळपाड्याहून जलसारला रो-रो सुरू झाल्यावर परिस्थिती थोडी बदलली, पण घरपोच सेवेसाठी ते अंतर अजून लांबच आहे. अर्नाळ्याचा किल्ला तर बेटावर. तिथे वस्ती आहे, मोबाइल आहेत, आणि जायचं होडीनेच.

उपाय सोपा आहे. वर्तुळ काढण्याऐवजी पिन कोड निवडा, किंवा वर्तुळ काढून खाडीपलीकडचा भाग वगळा. दोन्ही सोयी तिथेच असतात. आणि ज्याला गिऱ्हाईक खरंच भाईंदरचं हवंय, म्हणजे रिसॉर्टवाला किंवा किल्ल्याची सफर घडवणारा, त्याने भाईंदरकरांसाठी वेगळी जाहिरात करावी आणि त्यात पहिल्याच ओळीत फेरीबोटीची वेळ द्यावी. अशा जाहिरातीत किल्ल्याच्या फोटोपेक्षा ती वेळ जास्त काम करते.

पैशांचं. दिवसाला दोनशे रुपये ठरवले असतील तर ते पाच जाहिरातींत वाटू नका. मेटाकडे जाहिरातींचा लिलाव चालतो. त्यात तुम्ही किती मोजता एवढंच पाहत नाहीत, ही जाहिरात पाहून माणूस काही करील याची शक्यता किती आणि जाहिरात किती बरी, तेही धरतात. ती शक्यता ओळखायला यंत्रणेला आठवड्यात साधारण पन्नास तरी निकाल लागतात, म्हणजे पन्नास मेसेज किंवा पन्नास फोन, जे काही तुम्ही मागितलं असेल ते. चाळीस-चाळीस रुपयांच्या पाच तुकड्यांतला एकही तिथवर पोचत नाही. दोन जाहिराती पुरेत, आणि दोघींत फरक एकाच गोष्टीचा असावा. एकीत वाळत घातलेली सुकेळी, दुसरीत तोडलेलं सुकेळं, बाकी अक्षर न् अक्षर तेच. फोटो, भाव आणि मजकूर तिन्ही बदलले तर फोन कशामुळे वाढले ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

'बूस्ट' नावाच्या निळ्या बटणाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ते दाबलं की लाइक वाढतात, कारण लाइक मिळवून देणं हे त्याचं सर्वांत सोपं काम. लाइक विकत घेणारा दुकानदार आठवडी बाजारात कुणी पाहिलाय का? जाहिरात व्यवस्थापकात जाऊन 'मेसेज' हे उद्दिष्ट निवडा, दहा मिनिटं जास्त जातात. आणि फुकटात शिकायचं असेल तर मेटाची अ‍ॅड लायब्ररी उघडा. कुणाचंही पान शोधा, त्यांच्या आज चालू असलेल्या जाहिराती तिथे दिसतात, कधी सुरू झाल्या तेही दिसतं. जी जाहिरात महिनोन् महिने चालू आहे तिच्यावर कुणीतरी पैसे उगाच घालत नसणार. तिच्याकडे नीट पाहा, नक्कल मात्र करू नका.

सध्या वसई-विरारमध्ये 'चला आज खाऊया' छापाच्या पानांचं पेव फुटलंय. ही मंडळी हॉटेलात येतात, थाळी खातात, डोळे मिटून 'एक नंबर' म्हणतात. त्यांना बोलवायला हरकत नाही, पण त्यांनी पैसे घेतले असोत की नुसती फुकट थाळी, रीलवर 'जाहिरात' असं लिहावं लागतं. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१मध्ये तसे नियम केले आणि जानेवारी २०२३मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेलं चालत नाही. अशा रीलने पहिल्या आठवड्यात गर्दी होते हे खरं. दुसऱ्या आठवड्याची हमी कुणी देत नाही. त्यापेक्षा रोज डबा नेणाऱ्या वीस गिऱ्हाइकांपैकी एकाला विचारून, त्याच्या परवानगीने, त्याच्या डब्याचा फोटो टाकला तर तो जास्त टिकतो. अंबाडी रोडवरच्या कुठल्या ऑफिसात तो डबा जातो एवढं सांगितलं तर आणखी बरं.

शेवटचं काम जाहिरातीबाहेरचं, पण जाहिरात त्याच्याशिवाय अर्धवट. माणसाने बटण दाबलं, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, 'हाय' लिहिलं. पुढे? बहुतेक ठिकाणी संध्याकाळी उत्तर जातं, तोवर त्याने दुसरीकडे मागवलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा पहिला निरोप लावता येतो. त्यात 'आपल्या मेसेजबद्दल धन्यवाद, लवकरच संपर्क करू' लिहू नका, त्याने कुणाचं काही होत नाही. भाव, घरी न्यायला यायची वेळ, पूर्व की पश्चिम आणि नकाशावरची जागा, एवढं त्यातच पाठवा. जाहिरातीत लिहिलेला भाव आणि निरोपातला भाव एकच असू दे. दोन वेगळे आकडे दिसले की तिथेच बोलणं खुंटतं.

आणि माल संपला की जाहिरात त्याच दिवशी बंद करा. जून २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल जे नियम काढले, त्यांत आमिषाच्या जाहिरातींचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्या भावात माल देता येईल अशी वाजवी शक्यता नसताना केलेली जाहिरात त्यात मोडते. सुकेळी उन्हावर होतात. पाऊस लागला की नवा माल निघत नाही, आणि कार्ड जोडलेलं असल्यामुळे जाहिरात मात्र जुलैतही आपली चालूच राहते. म्हणून सुरू करतानाच शेवटची तारीख घालून ठेवा. पुढच्या भागात दिवाळीच्या फराळाच्या जाहिरातींकडे वळू. त्यांची तयारी चतुर्थी झाली की लगेच करावी लागते.